इंग्रजी 'बाय' रशियनमध्ये कसा आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजीतून रशियनमध्ये अनुवाद करताना 'बाय' या एवढ्याशा शब्दाशी पानापानावर गाठ पडते. शब्दकोश उघडला की त्याच्यापुढे 'ऊ', 'क', 'पो', 'ना', 'झा', 'प्री', 'ओत', 'मीमो' अशी रांग लागलेली दिसते. त्यातलं कुठं काय घ्यायचं? आणि 'बाय द वे', 'बाय हार्ट', 'बाय हूक ऑर बाय क्रूक' असल्या वाक्प्रचारांचं काय करायचं?

या रांगेत सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर बहुधा नसतंच. 'बाय'चं बरंचसं काम रशियनमध्ये नुसती तृतीया विभक्ती करते, कुठलंही शब्दयोगी अव्यय सोबत न घेता. रशियन व्याकरणात तिचं नाव 'त्वोरीतेल्नी', म्हणजे घडवणारी. आपल्या 'चाकूनं कापलं' मधला 'नं' आणि रशियन 'नोझोम' मधला 'ओम' एकाच कामाचे. इंग्रजी मातृभाषा असलेल्याला ही कल्पना नव्यानं शिकावी लागते, मराठी माणसाला ती घरचीच आहे. म्हणून माझा सल्ला नेहमी एकच असतो: 'बाय' दिसला की रशियन प्रतिशब्द शोधायला धावू नका. आधी मराठीत प्रश्न विचारा. कोणी? कशानं? केव्हापर्यंत? कुठं? कितीनं? कशावरून? प्रश्न पक्का झाला की रशियन विभक्ती बहुतेक वेळा आपोआप समोर येते. बहुतेक वेळाच, कारण तीनचार ठिकाणी आपली मराठीच आपल्याला फसवते, आणि त्या जागा मी जरा सावकाश सांगणार आहे.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. रशियन शब्द देताना मी उच्चारापेक्षा अक्षरं धरली आहेत, म्हणजे विभक्तीचं शेपूट नीट दिसेल. बोलताना आघात नसलेला 'ओ' हा 'आ'सारखा ऐकू येतो, हे लक्षात असू द्या. षष्ठीच्या 'ओगो' या शेपटाचा मात्र 'ओवो' केला आहे, कारण ते तसंच म्हणतात.

कोणी?

'बाय' कर्ता दाखवतो तेव्हा पुस्तकी उत्तर सोपं आहे: कर्मणी रचना करा आणि कर्त्याला तृतीया लावा. 'पत्र त्यानं लिहिलेलं आहे' म्हणजे 'पिस्मो नापीसानो इम'. काम पुरं झाल्याचं दाखवणारं क्रियापद असेल तर असं धातुसाधित वापरायचं. काम चालू असेल तर क्रियापदाला 'स्या' जोडायचा: 'दोम स्त्रोईत्स्या राबोचिमी', घर कामगारांकडून बांधलं जातंय. या दोन्हींची अदलाबदल होत नाही.

व्याकरण इथं संपतं आणि कानाचं काम सुरू होतं. 'त्यांच्याद्वारे बैठक घेण्यात आली' हे मराठीत जसं सरकारी परिपत्रकासारखं वाटतं, तसंच साध्या मजकुरात ओळीनं आलेल्या कर्मणी रचना रशियन वाचकाला वाटतात. इंग्रजी कर्मणी वापरतं ते अनेकदा फक्त शब्दांचा क्रम फिरवता येत नाही म्हणून. रशियनमध्ये तो फिरवता येतो, कारण कोण कर्ता नि कोण कर्म हे विभक्ती सांगते. आवर्तनाचा नियम मेंदेलेयेव यांनी १८६९ मध्ये मांडला, हे वाक्य इंग्रजीत कर्मणीत असलं तरी रशियनमध्ये 'पेरिओदीचेस्की झाकोन ओत्क्रिल मेंदेलेयेव' असं सरळ कर्तरीत आणता येतं. कर्म पुढं, कर्ता शेवटी. इंग्रजीतला जोर 'बाय' नंतरच्या नावावर होता, तो इथंही शेवटच्या जागेवर राहिला. काहीच हरवलं नाही. शास्त्रीय किंवा कायदेशीर मजकूर असेल तर 'बिल ओत्क्रित मेंदेलेयेविम' ही कर्मणी रचना खुशाल ठेवा, तिथं ती शोभते.

याच वाक्यातला एक बारकावा भल्याभल्यांना चकवतो. 'ओव', 'येव', 'इन' असा शेवट असलेल्या रशियन आडनावांची तृतीया 'इम'नं होते: मेंदेलेयेविम, रेपिनिम, पुश्किनिम. पण तसाच शेवट असलेलं आडनाव परदेशी असेल तर ती नामासारखी 'ओम'नं होते: दार्विनोम, चाप्लिनोम. शहरांचंही तसंच. किरोव हा माणूस असेल तर 'किरोविम', किरोव हे शहर असेल तर 'किरोवोम'. उत्क्रांतीचा सिद्धांत 'दार्विनिम' मांडला गेला असं लिहिलंत, तर तुम्ही डार्विनला रशियन नागरिकत्व बहाल केलंत.

लेखक-चित्रकारांच्या नावाआधीचा 'बाय' ही निराळी गोष्ट. तिथं तृतीया येत नाही, षष्ठी येते. तोल्स्तोय यांची कादंबरी म्हणजे 'रोमान तोल्स्तोवो', आपल्या 'ची'सारखंच. अडचण अशी की षष्ठी फार ओढाळ आहे. 'पोर्त्रेत रेपिना' म्हणजे रेपिन यांनी काढलेलं चित्र, ज्यात रेपिन दिसतात ते चित्र, की रेपिन यांच्या मालकीचं चित्र? तिन्ही अर्थ निघतात, मराठीतही निघतात. रेपिन यांनी तोल्स्तोय यांचं १८८७ मध्ये काढलेलं व्यक्तिचित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयात आहे. त्याचं वर्णन करताना रशियन माणूस 'पोर्त्रेत तोल्स्तोवो राबोती रेपिना' म्हणतो. 'राबोती' म्हणजे 'कामाचं', अर्थात रेपिन यांच्या हातचं. चित्राच्या बाबतीत 'कीस्ती', म्हणजे 'कुंचल्याचं', हेही चालतं. असे दोन शब्द गाठीला ठेवले की प्रदर्शनाची माहितीपत्रकं निम्म्या वेळात होतात.

आणि क्रियेचं नाम असेल, म्हणजे 'कोलंबसानं लावलेला अमेरिकेचा शोध' अशी रचना, तर शोधलेली वस्तू षष्ठीत आणि शोधणारा पुन्हा तृतीयेत: 'ओत्क्रितिये आमेरिकी कोलुम्बोम'. दोन्ही षष्ठीत टाकले तर कोणी कोणाला शोधलं हे वाचकावर सोडल्यासारखं होतं.

आता या विभागातली माझी आवडती रचना. 'वाऱ्यानं छप्पर उडालं' या वाक्यात मराठीत वारा कर्ता नाही आणि साधनही नाही. तो फक्त कारण म्हणून तृतीयेत उभा आहे. रशियनमध्ये हुबेहूब अशी चाल आहे: 'क्रिशु सोर्वालो वेत्रोम'. छप्पर द्वितीयेत, वारा तृतीयेत आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात, कर्त्याशिवाय. 'दोरोगु झानेस्लो स्नेगोम', रस्ता बर्फानं बुजला. इंग्रजीत अशा जागी 'बाय द विंड', 'बाय स्नो' येतं आणि नवखा अनुवादक इमानदारीनं कर्मणी धातुसाधित लिहितो. चूक म्हणता येत नाही, पण वाक्य परकं राहतं. वारा, पाऊस, वीज, लाट, पूर अशा निसर्गाच्या मारापुढं 'बाय' दिसला की ही कर्ताहीन रचना आधी तपासा.

कशानं?

साधन असेल तर नुसती तृतीया, हे झालंच. प्रवासाच्या वाहनाला दोन पर्याय आहेत: 'पोयेझ्दोम' किंवा 'ना पोयेझ्दे', दोन्ही 'रेल्वेनं'. बोलताना 'ना' जास्त ऐकू येतो. टॅक्सी आणि मेट्रो हे शब्द रशियनमध्ये विभक्तीच घेत नाहीत, त्यामुळे तिथं तृतीया दाखवायची सोयच नाही: 'ना ताक्सी', 'ना मेत्रो'. सायकलला विभक्ती चालते, तरी म्हणायचं 'ना वेलोसिपेदे'च. दिवसा आणि रात्री यांनाही तृतीया पुरते: 'द्न्योम', 'नोच्यु'.

'बाय हँड' मात्र थांबून पाहण्यासारखं आहे, कारण इंग्रजीतल्या या दोन शब्दांना रशियनमध्ये चार वाटा फुटतात. हातानं लिहिलेला अर्ज म्हणजे 'ओत रुकी'. यंत्राऐवजी हातानं केलेलं काम, कपडे धुण्यापासून संगणकात आकडे भरण्यापर्यंत, 'व्रुच्नुयु'. हस्तकलेची वस्तू 'रुच्नोय राबोती', पुन्हा तीच षष्ठी. आणि पाकीट टपालानं न पाठवता ज्याचं त्याच्या हाती द्यायचं असेल तर 'लीच्नो व रुकी'. एखाद्या करारात 'नोटीस हातानं द्यावी' असं असेल आणि तुम्ही 'व्रुच्नुयु' लिहिलंत, तर नोटीस यंत्र न वापरता दिली जाईल, एवढाच अर्थ निघेल.

'बाय' नंतर क्रियापद आलं, म्हणजे अमुक करून तमुक साधलं, तर आपल्या 'करून'सारखंच रशियन धातुसाधित आहे: 'ओना स्पास्ला येवो, वोव्रेम्या विझ्वाव व्राचा', वेळेवर डॉक्टर बोलावून तिनं त्याला वाचवलं. अट एकच, बोलावणारी आणि वाचवणारी एकच हवी. तांत्रिक पुस्तिकांत ही अट हमखास मोडते. 'बटण दाबून खिडकी बंद होते' यात बटण दाबते कोण? खिडकी तर नाही. मराठीत असं वाक्य खपून जातं, रशियन संपादक ते लाल करतो. तिथं 'प्री नाझातिई क्नोप्की', म्हणजे बटण दाबताच, असं नाम घालून सुटका करून घ्यायची. पुस्तिका, सूचनापत्रं, उपकरणांवरची माहिती यांत हा 'प्री' सोन्याच्या मोलाचा आहे. कधीकधी तर क्रियापदाची गरजच नसते: तो अनुवाद करून पोट भरतो, हे 'ओन झाराबातीवायेत पेरेवोदामी' इतक्यात होतं. अनुवाद अनेकवचनी, तृतीयेत. झालं.

प्रकाशाचाही 'प्री'च: मेणबत्तीच्या उजेडात म्हणजे 'प्री स्वेचाख'.

केव्हापर्यंत?

इथं मराठी आपल्याला खड्ड्यात घालते. 'मी सोमवारपर्यंत मॉस्कोत असेन.' या वाक्यातला माणूस सोमवारच्या आत मॉस्कोला पोचणार आहे, की सोमवारपर्यंत तिथं मुक्काम करून निघणार आहे? मराठीत नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही. इंग्रजीत पोचायचं असेल तर 'बाय', मुक्काम असेल तर 'अंटिल'. रशियनमध्येही फरक स्पष्ट आहे: पोचायचं असेल तर 'या बुदु व मोस्क्वे क पोनेदेल्निकु', चतुर्थीसह 'क'. मुक्काम असेल तर 'दो पोनेदेल्निका', षष्ठीसह 'दो'. बाकीचं वाक्य अक्षरशः तेच. म्हणजे इंग्रजी मूळ वाचून मनात 'सोमवारपर्यंत' असं मराठी उमटलं की तिथंच सावध व्हायचं. कारण मराठीतून पुढं गेलात तर 'दो' निसटून येणार, आणि पोचणारा माणूस निघून गेलेला असणार.

गुंतागुंत अजून संपली नाही. काम पुरं करायला सांगताना रशियन लोक 'दो'ही वापरतात: 'स्देलायते दो पोनेदेल्निका'. पण त्याचा साधा अर्थ सोमवार उजाडायच्या आत, असा होतो. सोमवार धरायचा की नाही यावर कार्यालयांत वाद होतात, म्हणून सावध माणसं 'व्क्ल्युचीतेल्नो', म्हणजे 'तो दिवस धरून', असं जोडतात. करार, निविदा, नोटिसा यांतल्या इंग्रजी 'बाय' साठी मी 'क' आणि 'दो' दोन्ही बाजूला ठेवतो आणि 'ने पोझ्द्नेये' लिहितो, अर्थ 'अमुक तारखेनंतर नाही'. '१ जूनपर्यंत' म्हणजे 'ने पोझ्द्नेये पेर्वोवो इयुन्या'. तारीख षष्ठीत, वाद शून्य.

साध्या गद्यात 'क' फार लवचिक आहे. 'क उत्रु' सकाळपर्यंत, 'क वेस्ने' वसंतापर्यंत, 'क २०३० गोदु'. 'तो येईपर्यंत ती निघून गेली होती' अशा वाक्यात इंग्रजी 'बाय द टाइम' घालून पूर्ण उपवाक्य रचतं. रशियनमध्येही तसं उपवाक्य करता येतं, 'क तोमु व्रेमेनी, काक' अशी सुरुवात करून. पण जमेल तिथं मी ते नामात आवळतो: 'क येवो प्रिखोदु ओना उझे उश्ला', शब्दशः 'त्याच्या येण्यापर्यंत ती गेलेलीच'. सहा शब्दांत काम होतं आणि 'उझे' हा छोटा शब्द इंग्रजीतल्या पूर्ण भूतकाळाचं ओझं एकटा उचलतो.

कुठं?

जवळ असणं दाखवणारा 'बाय' म्हणजे 'ऊ' आणि षष्ठी: 'ऊ ओक्ना', खिडकीपाशी. निर्जीव वस्तूंशी बिनधास्त वापरा. माणसाशी मात्र जपून. 'ऊ' माणसापुढं आला की 'त्याच्याकडे, त्याच्या घरी' असा अर्थ आधी होतो. ती आजीजवळ बसली होती, याचं 'ओना सिदेला ऊ बाबुश्की' केलंत तर ती आजीच्या घरी बसली होती असं वाचलं जाईल. आपल्या 'आजीकडे' आणि 'आजीपाशी' मधला फरक आठवा. 'पाशी' हवं असेल तर 'वोझ्ले बाबुश्की' किंवा 'र्यादोम स बाबुश्कोय'. शेजारून जाणं असेल तर 'मीमो', आणि तो फार भावनाशून्य शब्द आहे. बसनं न थांबता पुढं जाणंही 'मीमो' आणि गोळी चुकणंही 'मीमो'.

कितीनं?

'तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा.' 'पाच मिनिटांनी उशीर.' मराठीत फरक दाखवायला तृतीया येते, म्हणून हात आपसूक रशियन तृतीयेकडे जातो. आवरा. रशियनमध्ये फरकासाठी 'ना' आणि द्वितीया: 'स्तार्शे ना त्री गोदा', 'ओपोझ्दाल ना प्यात मिनूत'. गंमत म्हणजे 'ओपोझ्दाल ना पोयेझ्द' म्हणजे गाडी चुकली. एकच क्रियापद, एकच 'ना', पण एकदा किती नि एकदा कशाला. तरीही नुसती तृतीया पूर्ण मेलेली नाही. वर-खाली, आधी-नंतर अशा तुलनेत ती ठणठणीत जिवंत आहे: 'एताझोम विशे' एक मजला वर, 'गोदोम पोझे' वर्षभरानं नंतर. वयाच्या तुलनेत ती आता पुस्तकी वाटते.

आकडेवारीत खरा धोका 'ना' आणि 'दो' यांच्यात आहे. 'ना देस्यात प्रोत्सेंतोव' म्हणजे दहा टक्क्यांनी, 'दो देस्याती प्रोत्सेंतोव' म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत. अहवाल तपासताना मी हे दोन शब्द एका बैठकीत, बाकी काही न वाचता, फक्त आकड्यांशेजारी पाहून घेतो. पट असेल तर 'व द्वा राझा', दुप्पट. क्रीडावार्तेत दोन गोलांनी जिंकले हे 'स राझ्नित्सेय व द्वा म्याचा', म्हणजे दोन गोलांच्या फरकानं.

दहा बाय दहाची खोली आपण मराठीतही 'बाय' घालूनच सांगतो. रशियनमध्ये तिथं 'ना': 'त्री ना चेतीरे मेत्रा'. गुणाकार, भागाकार दोन्हींना 'ना'. पण आपण अपूर्णांकालाही 'तीन बाय चार' म्हणतो, तो रशियनमध्ये 'त्री चेत्व्योर्तिख', तीन चतुर्थांश. तिथं 'ना' नको.

कशावरून, आणि कशाला धरून

आवाजावरून ओळखलं, चुकून घेतलं, कायद्यानं बंदी, फोनवरून कळवलं, नावानं हाक मारली, पेशानं वकील. या सगळ्याला 'पो' आणि चतुर्थी: 'पो गोलोसु', 'पो ओशिब्के', 'पो झाकोनु', 'पो तेलेफोनु', 'पो इमेनी', 'पो प्रोफेस्सिई'. मराठीत यांतल्या निम्म्यांना 'नं' लागतो, रशियनमध्ये नाही. एक खूण सांगतो: 'नं'च्या जागी 'च्या आधारे', 'नुसार' किंवा 'वरून' बसत असेल तर 'पो'. चाकूच्या आधारे आपण कापत नाही, पण नावाच्या आधारे हाक मारतो. चेहऱ्यानं ओळखणं हा अपवाद: 'झ्नात व लित्सो'.

धरणं असेल तर 'झा' आणि द्वितीया: 'झा रुकु' हाताला धरून, 'झा शिवोरोत' मानगुटीला धरून. इथं एक जुना सापळा. इंग्रजीत कुणाला नाकाला धरून नेणं म्हणजे त्याला आपल्या तालावर नाचवणं. रशियनमध्ये 'वोदीत झा नोस' शब्दशः तेच, पण अर्थ झुलवत ठेवणं, थापा मारून फसवणं. शब्द तंतोतंत जुळतात म्हणूनच चूक पकडली जात नाही.

वाक्प्रचार

वाक्प्रचारांत 'बाय'चा शोध घेण्यात अर्थ नाही, अख्खा अर्थ उचलायचा. तरी रशियन उत्तरं पाहताना जाणवतं की तृतीया इथंही डोकावत राहते.

'बाय हूक ऑर बाय क्रूक' घ्या. आपल्याकडे 'येनकेनप्रकारेण' म्हणतात, ती संस्कृत तृतीयाच. रशियनमध्ये दोन जोड्या आहेत, दोन्ही तृतीयेत. 'ने मित्योम, ताक कातान्येम' म्हणजे धुऊन नाही तर लाटून. जुन्या काळी धुतलेलं कापड लाटण्यावर गुंडाळून, खाचा पाडलेल्या लाकडी फळीनं त्यावर दाब देत गुळगुळीत करत, त्यातून हे आलं. दुसरी 'व्सेमी प्रावदामी ई नेप्रावदामी', सगळ्या खऱ्यानं नि खोट्यानं. पहिलीत चिकाटी आहे: एक उपाय चालला नाही तर दुसरा करून पिच्छा पुरवणं. दुसरीत लबाडीचा वास आहे. मूळ मजकुरातला माणूस हट्टी आहे की चलाख, ते पाहून निवडा. आई मुलाला औषध पाजते तेव्हा पहिली, कुणी परवाना पदरात पाडून घेतो तेव्हा दुसरी.

'बाय हार्ट' म्हणजे 'नाइझुस्त'. इंग्रजी पाठांतर काळजात ठेवतं, रशियन 'उस्ता' म्हणजे तोंड या जुन्या शब्दावरून ते तोंडात ठेवतं, आपल्या 'तोंडपाठ'सारखं. 'बाय इअर' सुरावरून वाजवणं असेल तर 'ना स्लुख', पण 'वेळ येईल तसं बघू' या अर्थानं असेल तर कानाचा काही संबंध नाही: 'पो ओब्स्तानोव्के', परिस्थिती पाहून, किंवा घरगुती बोलण्यात 'ताम विद्नो बुद्येत', तेव्हाचं तेव्हा.

'बाय द वे'ला 'क्स्ताती' आणि 'मेझ्दु प्रोचिम' दोन्ही शब्दकोशात सापडतात, पण ते एका वजनाचे नाहीत. 'क्स्ताती' निरुपद्रवी आहे, 'बरं, आठवलं म्हणून सांगतो'. 'मेझ्दु प्रोचिम'ला कधीकधी नख असतं. 'या, मेझ्दु प्रोचिम, व्राच' म्हणजे 'मी डॉक्टर आहे म्हटलं, लक्षात आहे ना?' संवादात चुकीचा पडला तर शांत पात्र उगाच खेकसायला लागतं.

'बाय ऑल मीन्स' परवानगी देताना येतं: 'अवश्य या', 'खुशाल घ्या'. तिथं 'कोनेच्नो', 'पोझालुइस्ता' किंवा मोकळ्या मनानं 'रादी बोगा'. 'व्सेमी स्रेद्स्त्वामी' केलंत तर पाहुण्यानं सर्व साधनांनिशी चाल करून यावं असं होईल. त्याचं उलट 'बाय नो मीन्स' दोन ठिकाणी वाटून द्या. वर्णनात 'ओत्न्युद ने', तो मुळीच मूर्ख नाही. मनाईत 'नी व कोयेम स्लुचाये', कुठल्याही परिस्थितीत उघडू नका.

'वन बाय वन' आणि 'डे बाय डे' यांचीही अशीच फाळणी करावी लागते. दिवे एकामागून एक विझले, तर 'ओदीन झा द्रुगीम'. एकेकानं आत या, तर 'पो ओद्नोमु'. पहिल्यात क्रम आहे, दुसऱ्यात एका वेळी किती हे आहे. दिवस नुसते सरत असतील तर 'देन झा द्न्योम'. काही बदलत असेल, दुखणं वाढत असेल, तर 'स काझ्दिम द्न्योम'. 'झपाट्यानं' या अर्थाचं 'बाय लीप्स अँड बाउंड्स' असेल तर मूल किंवा कर्ज वाढतं 'ने पो द्न्याम, आ पो चासाम', दिवसांनी नाही तर तासांनी. हा लोककथांतला सूर आहे, म्हणून विज्ञानाच्या प्रगतीला तो लावू नका. ती 'सेमिमिल्निमी शागामी' जाते, सात मैलांच्या ढांगांनी, पुन्हा तृतीयाच.

तृतीयेतला एक सापळा राहिला. इंग्रजीत आपल्या चलाखीवर जगणं म्हणजे जुगाड करत दिवस काढणं. रशियन 'झीत स्वोईम उमोम' दिसायला तेच, पण अर्थ 'स्वतःच्या बुद्धीनं चालणं', आणि ती स्तुती आहे. भामट्याचं वर्णन करताना ते वापरलं तर तो सज्जन होऊन बसतो.

बायबलमधलं 'माणूस केवळ भाकरीनं जगत नाही' हेही 'बाय'चंच वाक्य. १८७६ च्या सिनोदल भाषांतरात, म्हणजे रशियन चर्चच्या अधिकृत भाषांतरात, मत्तयच्या चौथ्या अध्यायात 'ने ख्लेबोम ओद्नीम' आहे, पण लोकांच्या तोंडी बसलेलं रूप 'ने ख्लेबोम येदीनिम', चर्च स्लाव्होनिक या जुन्या धार्मिक भाषेच्या वळणाचं. मूळ मजकूर खरोखर बायबलमधलं अवतरण देत असेल तर पहिलं, कुणी सहज बोलता बोलता म्हणत असेल तर दुसरं.

क्रियापदाला चिकटलेल्या 'बाय'कडे फार वेळ देऊ नका, तिथं रशियन उपसर्ग सगळं सांभाळतात: सहज डोकावून जाणं 'झाग्ल्यानुत', भागवून घेणं 'ओबोईतीस', कुठून तरी मिळवणं 'राझ्दोबीत'. आणि 'यानं तुम्हाला काय म्हणायचंय?' या चढ्या प्रश्नातला 'बाय' एका सर्वनामात मावतो: 'श्तो वी खोतीते एतिम स्काझात?' 'एतिम', यानं.

एवढं करूनही अडलात तर शब्दकोशापेक्षा रशियन भाषेचा राष्ट्रीय मजकूरसंग्रह, म्हणजे 'नात्सिओनाल्नी कोर्पुस', उघडा. तो २००४ पासून महाजालावर सर्वांना खुला आहे आणि त्यात इंग्रजी-रशियन समांतर मजकुराचा वेगळा विभाग आहे. शोधताना मात्र एकटा 'बाय' घालू नका, ढीगभर निकाल येतील. त्याच्या शेजारचं नाम घाला, 'हँड' किंवा 'डस्क', आणि समोरच्या रशियन वाक्यात नामाला कुठलं शेपूट लागलंय तेवढंच बघत खाली या.